सव्वादोन तासांचा उशीर आणि माणशी सहाशे युरो

मे महिन्यात आई, नवरा, लेक आणि मी ऑस्ट्रियाला जाऊन आलो. व्हिएन्ना, साल्झबुर्ग, हालश्टाट असा नेहमीचाच फेरा. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून एवढंच सांगते की हालश्टाटला सकाळी लवकर पोचा, पर्यटकांच्या बसेस यायच्या आत. मला लिहायचंय ते परतीच्या प्रवासाबद्दल, आणि त्यातल्या उशिराची भरपाई कशी मिळवली त्याबद्दल.

व्हिएन्ना ते मुंबई असं एकच तिकीट होतं, मध्ये आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलायचं. कंपनीही आखाती. नाव लिहीत नाही, कारण असे अनुभव सगळ्याच कंपन्यांचे येतात. दुपारी गेटवर पोचलो तर फलकावर आधी अर्धा तास उशीर, मग एक तास, मग नुसतंच ‘माहिती लवकरच’. काउंटरवरची मुलगी गोड हसून काहीच सांगत नव्हती. शेवटी विमानात बसल्यावर कॅप्टननेच सांगितलं, हायड्रॉलिकचा एक भाग बदलावा लागला. सव्वादोन तास उशिरा उडालो. पुढचं मुंबईचं विमान अर्थातच आमच्याशिवाय गेलं.

आईचे गुडघे आणि साखर, दोन्ही सांभाळायची होती. ट्रान्सफर डेस्कपुढे ही मोठी रांग. आई म्हणाली, “अगं, भांडत बसू नकोस, आधी मला कुठेतरी टेकू दे.” तिच्यासाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवली होती, तिचा इथे फार उपयोग झाला. व्हीलचेअरवाल्या माणसाने आम्हाला सरळ पुढे नेलं. हॉटेल आणि जेवणाची कुपनं मागितल्यावर मिळाली. न मागणाऱ्यांना मिळताना दिसली नाहीत. डेस्कवर एक कागद सहीसाठी पुढे आला, पुढच्या प्रवासासाठी व्हाउचर देऊ म्हणून. नवऱ्याने पेन हातात घेतलंच होतं, मी थांबवलं. युरोपीय कायद्याप्रमाणे भरपाई रोख किंवा बँकेतच द्यायची असते. व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सही लागते, आणि ती सही कंपनीला नेमकी हवी असते.

दुसऱ्या दिवशी मुंबईत उतरलो तेव्हा मूळ वेळेपेक्षा आठ तासांहून जास्त उशीर झाला होता. विमानाचं दार उघडलं तेव्हाच मी फोनवर वेळेचा फोटो काढला. उशीर मोजतात तो चाकं धावपट्टीला टेकेपर्यंतचा नाही, दार उघडण्याच्या क्षणापर्यंतचा. पुण्यासाठी सांगून ठेवलेली टॅक्सी केव्हाच निघून गेली होती, शिवनेरीने घरी आलो.

आता कायदा. युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम 2005 पासून लागू आहे. आपले लोक समजतात की तो युरोपियन कंपन्यांपुरताच आहे. तसं नाही. संघातल्या विमानतळावरून निघणारं विमान कुठल्याही देशाच्या कंपनीचं असो, नियम लागू. उलट दिशेने मात्र, म्हणजे मुंबईहून तिकडे जाताना, कंपनी युरोपीय असली तरच. म्हणजे जाताना आमच्या याच कंपनीने असाच घोळ घातला असता तर या नियमाखाली एक युरो मिळाला नसता. साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला माणशी 600 युरो; उशीर तीन ते चार तासांचा असेल तर कंपनी ते निम्मे करू शकते. तिकिटाची किंमत कितीही असो, रक्कम तीच. लेकीचं तिकीट मुलांच्या दराचं होतं, तिलाही पूर्ण 600.

कंपनीच्या संकेतस्थळावर दावा भरला. बरेच दिवस शांतता, मग उत्तर आलं: “आपलं व्हिएन्नाचं विमान तीन तासांपेक्षा कमी उशिरा सुटलं, सबब आपण पात्र नाही.” वाचायला अगदी पटण्यासारखं! इथेच बहुतेक लोक सोडून देत असावेत. पण एकाच बुकिंगवर प्रवास असेल तर उशीर शेवटच्या मुक्कामी मोजायचा, हे युरोपीय न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलंय. आणि विमान संघाच्या बाहेर बदललं तरी नियम सुटत नाही, हे 2018 च्या निकालात आलं. तो प्रवास बर्लिनहून कॅसाब्लांकामार्गे अगादीरचा होता. मी हे दोन्ही निकाल चार ओळींत लिहून पाठवले. रागाचा एक शब्द लिहिला नाही, लिहायचे खूप होते.

मग दुसरी सबब आली: तांत्रिक बिघाड म्हणजे ‘असाधारण परिस्थिती’. हेही चालत नाही. 2008 पासून न्यायालयाची भूमिका अशी आहे की विमान बिघडणं हा विमान कंपनीच्या रोजच्या धंद्याचाच भाग आहे. वादळ, पक्षी आदळणं, हवाई नियंत्रकांचा संप, ही खरी असाधारण कारणं. तिथे पैसे मिळत नाहीत, पण जेवण आणि हॉटेल तरीही द्यावंच लागतं. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी पगारासाठी केलेला संप मात्र सहसा सबब ठरत नाही. म्हणूनच उशिराचं कारण तिथल्या तिथे विचारा आणि लिहून ठेवा. मी कॅप्टनचं वाक्य वेळेसकट लगेच फोनमध्ये टिपलं होतं, दाव्यात ते जसंच्या तसं घातलं.

तरीही कंपनी हलेना. तेव्हा ऑस्ट्रियातल्या एपीएफ या प्रवासी हक्कांच्या सरकारी तडजोड संस्थेकडे अर्ज केला. फी नाही, वकील नको, इंग्रजीत चालतं, घरबसल्या होतं. मुख्य अट ही, की आधी कंपनीकडे लेखी दावा केलेला हवा. विमान कंपनीला या प्रक्रियेत भाग घ्यावाच लागतो, आणि पत्र तिकडून गेल्यावर आमच्या कंपनीची भाषाच बदलली. तुमचे पैसे वसूल करून देतो म्हणणाऱ्या खाजगी एजन्सीही आहेत. त्या साधारण पाव ते एक तृतीयांश रक्कम कापून घेतात, कोर्टात गेल्यास आणखी. ज्यांना मेलामेली जमतच नाही त्यांनी जावं, पण आधी स्वतः करून बघा.

पैसे घेताना अनपेक्षित घोडं अडलं. फॉर्ममध्ये आयबॅन, म्हणजे युरोपात वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, सक्तीचा, आणि भारतीय खात्याला आयबॅन नसतो. फॉर्मशी झटापट करू नका. बँकेचा स्विफ्ट कोड, खाते क्रमांक, शाखेचा पत्ता असं सगळं मेलने कळवा. पैसे आले की बँक विचारते कशाचे म्हणून, तेव्हा तडजोडीचं पत्र दाखवायला ठेवा. बँकेची कात्री लागून आजच्या भावाने माणशी साठ हजारांच्या आसपास हाती पडतात. आईचे तिच्याच खात्यात मागवले. तिला अजून खरं वाटत नाहीये.

टूर कंपनीबरोबर गेला असाल तरी हक्क प्रवाशाचाच आहे. फक्त टूर मॅनेजरकडून स्वतःचा तिकीट क्रमांक मागून घ्या आणि बोर्डिंग पास घरी येईपर्यंत फेकू नका. मुंबईहून पुढे नागपूर किंवा गोव्याचं तिकीट वेगळं काढलं असेल तर ते चुकल्याची जबाबदारी या नियमात येत नाही. शक्य असेल तर सगळं एकाच बुकिंगवर घ्या. लंडनहून येणाऱ्यांसाठी ब्रिटनचा जवळपास तसाच वेगळा कायदा आहे, लांब पल्ल्याला 520 पौंड. आपल्याकडे डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाच्या नियमांत विमान रद्द झालं किंवा जागा नाकारली तर ठरावीक भरपाई आहे. नुसत्या उशिराला रोख काही नाही. खाणंपिणं, आणि सहा तासांपलीकडे उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. त्यामुळे पुढच्या वेळी युरोपला जाताना दोन तिकिटांच्या दरात थोडकाच फरक असेल, तर मी युरोपीय कंपनीचं घेणार, म्हणजे जातानाही हा नियम बरोबर राहील.