सायकल माझी, नाव त्यांचं

मंगळवारी रात्री साडेदहाला, इथे जपानात, सायकलवरून जाताना मला पोलिसांनी अडवलं. दिवा चालू होता, घंटी होती, मी मुकाट डाव्या बाजूने चालले होते. दोघे जण होते, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. कमरेत वाकून 'रात्रीच्या वेळी त्रास देतोय' म्हणाले आणि टॉर्चचा झोत सीटखालच्या नळीवर टाकला. तिथे एक स्टिकर आहे. त्यावरचा नंबर एकाने वायरलेसवर वाचला. मिनिटभराने पलीकडून उत्तर आलं आणि त्याने तेवढ्याच अदबीने विचारलं, "सायकल आपलीच का?"

"हो."

"नाव जुळत नाहीये."

आपल्याकडे स्कूटरला जसं आरसी बुक, तसं इथे सायकलला असतं. त्याला 'बोहान तोरोकु' म्हणतात, चोरी होऊ नये म्हणून करायची नोंद. १९९४ पासून कायद्याने सक्तीची. गंमत म्हणजे नाही केली तर दंड काहीच नाही, आणि तरी सगळे करतात. (हे वाक्य मी पुण्यात एका मित्राला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसत होता.) सायकल विकायची तर जुन्या मालकाने नोंद रद्द करायची, हस्तांतराचा सही केलेला कागद द्यायचा, आणि तो घेऊन नव्या मालकाने सायकलच्या दुकानात जाऊन आपल्या नावावर नोंद करायची.

हे मला माहीत होतं. खोटं कशाला बोला. ज्यांच्याकडून ही जुनी सायकल घेतली ते ओसाकाजवळच्या किशिवादा गावचे गृहस्थ स्वतःच म्हणाले होते की आठवडाभर थांबा, नोंद रद्द करून कागद देतो. मीच म्हटलं, राहू द्या हो, कशाला तुम्हाला खेटे. माझ्या मते तो माझा चांगुलपणा होता. साठी उलटलेल्या माणसाला एका जुन्या सायकलसाठी पोलीस चौकीत कशाला पाठवायचं? शिवाय सायकल तेव्हा चालण्याच्या अवस्थेतही नव्हती. मी ती चाकं सोडवून, पिशवीत बांधून लोकलने घरी आणली. इथे रेल्वेत सायकल न्यायची तर पूर्ण पिशवीत झाकावी लागते. तो नियम मी पाळला होता, हे कृपया लक्षात घ्यावं.

तर त्या रात्री त्यांनी माझं रेसिडेन्स कार्ड मागितलं, ते मी दिलं. मग त्यांनी किशिवादाला फोन लावला. रात्री पावणेअकराला! मी एका व्हेंडिंग मशीनच्या उजेडात वीस-पंचवीस मिनिटं उभी होते. तेवढ्यात शेजारून तीन सायकली गेल्या, एकालाही थांबवलं नाही. मोजल्या मी. आता माझा चेहरा बघून अडवलं की चाळीस वर्षांची सायकल बघून, हे मला कधीच कळणार नाही. नवरा म्हणतो सायकल बघूनच. त्याचं बरोबर असेल, पण त्याला अजून कोणी अडवलेलं नाही.

सायकलबद्दल थोडं सांगते, म्हणजे एवढा आटापिटा का ते कळेल.

ऐंशीच्या दशकातली पॅनासॉनिकची स्टीलची रोड बाइक आहे. हो, तीच पॅनासॉनिक, आपल्याकडे रेडिओ आणि सेलवाली. कंपनीचे संस्थापक कोनोसुके मात्सुशिता लहानपणी ओसाकातल्या एका सायकलच्या दुकानात उमेदवारी करायचे, आणि १९२३ साली त्यांचं नाव झालं ते बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या, बॅटरीवर चालणाऱ्या सायकलच्या दिव्यामुळे. त्यामुळे पॅनासॉनिकची सायकल हे आपल्याला वाटतं तेवढं विचित्र नाही. फ्रेमपेक्षाही मी भुलले ते मागच्या गिअरला. त्यावर 'सनटूर' लिहिलेलं होतं.

मी राहते त्या, ओसाकाजवळच्या साकाई गावात पूर्वी तलवारी, सुऱ्या आणि सोळाव्या शतकात बंदुका बनायच्या. नळी घडवणं, लोखंड कातणं हातात होतंच, मग त्याच गावात सायकलचे भाग बनू लागले. सायकलचे भाग बनवणारी शिमानो कंपनी इथलीच. १९२१ साली सुरू झाली आणि पहिलं उत्पादन होतं फ्रीव्हील (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा, मागच्या चाकावरचा दातेरी भाग). सनटूर हा इथल्याच मायेदा कंपनीचा ब्रँड. आज जगातल्या बहुतेक गिअरच्या सायकलींवर मागचा गिअर तिरका लटकलेला असतो. ती युक्ती सनटूरची, १९६४ ची. चेन ओढणारी छोटी चकती प्रत्येक दात्याच्या चाकापासून जवळपास सारख्याच अंतरावर राहते, म्हणून गिअर पटकन आणि हलका पडतो. वीस वर्षं पेटंट होतं, तोवर बाकीच्यांना ते करता येईना. १९८४ मध्ये पेटंट संपलं, आणि त्याच वर्षी शिमानोने तोच तिरकेपणा घेऊन वर खटक्याखटक्याने गिअर पडण्याची सोय जोडली. सनटूर त्यानंतर सावरलीच नाही. काही वर्षांत कंपनी विकली गेली. शोध एकाचा आणि फळ शेजाऱ्याला, तेही एकाच गावात. मला हे सनटूरचे सुटे भाग हातात घेतले की उगाच त्यांची बाजू घ्यावीशी वाटते.

तर चार महिने ही सायकल आमच्या बाल्कनीत सुट्या भागांत पडून होती. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "इंजिनिअर करून पाठवली, आणि तिकडे जाऊन पाने फिरवतेस?" मी म्हटलं, अगं इंजिनिअर पानेच फिरवतात. ते तिला पटलं नाही.

जपानी फुलीचे स्क्रू दिसायला आपल्यासारखेच असतात, पण खाचेचा आकार किंचित वेगळा. पुण्याहून आणलेल्या स्क्रू ड्रायव्हरने मी दोन स्क्रूंची तोंडं गुळगुळीत केली, मग कळलं की इथला जेआयएस (जपानी मानक) मापाचा ड्रायव्हर घ्यायला हवा. पेडलच्या दांड्यांचा आस फ्रेममध्ये धरणाऱ्या कपाचं तर विचारू नका. उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला तर सुटतो. हे मला माहीत होतं, कारण सदाशिव पेठेतल्या सायकलच्या दुकानात 'उलटा फिरव रे, उलटा' हे मी शाळेत असताना शंभरदा ऐकलंय. तरीही मी एक अख्खी संध्याकाळ तो कप घट्ट करत बसले. चाकं सत्तावीस इंची होती, ती बदलून आजच्या ७०० सी मापाची बसवायची म्हणजे रिमचा व्यास ६३० वरून ६२२ मिलिमीटरवर येतो. म्हणजे ब्रेकचे रबर दोन्ही चाकांना चार मिलिमीटर खाली सरकवावे लागतात. नशिबाने जुन्या ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा होती.

अडलं ते फ्रीव्हीलवर. पेडल मारलं की ते चाकावर आणखी आवळत जातं. म्हणजे चाळीस वर्षं कोणीतरी ते रोज घट्ट केलेलं. काढायला त्याच्याच मापाचं, दोन दातांचं रिमूव्हर लागतं, आणि ते बाजारात मिळेना. मी सायकल इथल्या एका मोठ्या, चकचकीत दुकानात नेली. त्यांनी हातमोजे घालून ती बघितली, फोटो काढले, आत जाऊन कोणाला तरी विचारलं, आणि दहा मिनिटांनी फार नम्रपणे सांगितलं की हे जुनं आहे, आमच्याकडे होत नाही, नवीन सायकली वरच्या मजल्यावर आहेत.

इथे मला राग येतो, आणि तो थोडा लांबवणार आहे. ज्या गावात हा भाग जन्मला, जिथे त्याचं संग्रहालय आहे आणि काचेमागे जुनी फ्रीव्हीलं मांडून ठेवलीत, त्याच गावात ते काढणारा माणूस सापडत नाही! आपल्याकडे रस्त्याच्या कडेला एक पंप, एक पाण्याचं घमेलं आणि रॉकेलचा डबा घेऊन बसलेला माणूस नुसत्या अंगठ्याने चाकाचा आऊट काढतो. त्याला 'होत नाही' हे शब्दच माहीत नसतात. पाटीवर 'ओव्हरऑयलिंग' लिहिलेलं असतं, पण छर्रे मोजून परत तेवढेच बसवतो. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच माणसाने माझ्या कॉलेजच्या गिअरच्या सायकलचा गिअर 'ताई, कटकट नको' म्हणून काढून टाकला होता, आणि कॉटर पिन बसवायला तो हातोडाच वापरायचा. पण प्रयत्न तरी केला असता, एवढंच म्हणतेय.

आणि दुसरं, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक सायकल वर्षभर पडून आहे. दोन्ही टायर बसलेले, चेन गंजून दोरखंडासारखी ताठ, आणि मागे सनटूरचा 'सायक्लोन' गिअर. बुधवार-रविवारच्या आपल्या जुन्या बाजारात ती दोन तासांत पाच हातांतून गेली असती आणि तिचा एकही नट वाया गेला नसता. इथे तिला हात लावायचा नाही. मालकाच्या ताब्यातून सुटलेली वस्तू परस्पर उचलणं हाही इथे गुन्हा आहे. मी केअरटेकर काकांना विचारलं, मी घेऊ का? त्यांनी दातांमधून हवा आत ओढली आणि म्हणाले, "चोत्तो..." शब्दशः 'जरा...' एवढंच. पुढचं वाक्य येत नाही. आपण समजायचं. पुणेरी नकार निदान पूर्ण वाक्यात तरी असतो.

असो. त्या रात्री फोनवर किशिवादाच्या गृहस्थांनी सगळं सांगितलं, पोलिसांनी पुन्हा वाकून मला जाऊ दिलं, 'दिवा छान आहे' असंही म्हणाले. मला वाटलं आता हे गृहस्थ माझ्यावर चिडणार. नोंद त्यांच्या नावावर, झोपमोड त्यांची. उलट रविवारी सकाळी त्यांचा मेसेज आला की साकाई स्टेशनवर अकरा वाजता येतो.

ते आले, नोंद रद्द केल्याचा कागद आणि सही केलेलं हस्तांतरपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून. आल्या आल्या त्यांनीच माफी मागितली, की मी तेव्हाच आग्रह धरायला हवा होता. मला काय बोलावं कळेना. माझी चूक, आणि माफी यांची! मी घाईघाईने माझी माफी त्यांच्या माफीवर टाकली, आणि आम्ही दोघं तिकीट मशीनसमोर बराच वेळ वाकत होतो. मग त्यांनी खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. दोन दातांचं रिमूव्हर. पोलिसांनी फोनवर सायकलची खूण पटवायला मागच्या चाकाचं वर्णन केलं, त्यावरून त्यांच्या लक्षात आलं होतं की फ्रीव्हील अजून जुनंच आहे. "ते निघत नसणार," म्हणाले.

पैसे घेतले नाहीत. मी चिवड्याचं पाकीट पुढे केलं, ते मात्र लगेच घेतलं.

रिमूव्हर नुसत्या पान्याने फिरवलं तर दात निसटतात, म्हणून ते एक्सेलच्या नटने दाबून धरायचं, व्हाइसमध्ये पकडायचं, आणि मग पान्याऐवजी अख्खं चाकच गाडीच्या स्टिअरिंगसारखं फिरवायचं. व्हाइस ऑफिसच्या वर्कशॉपमधला वापरला, परवानगी घेऊन, लेखी. नवऱ्याने एक बाजू धरली, मी दुसरी. तिसऱ्या झटक्याला असा आवाज झाला की मला वाटलं काहीतरी तुटलं. तुटलं नव्हतं. सुटलं होतं.

सोमवारी दुकानात जाऊन नोंद माझ्या नावावर केली, त्याच चकचकीत दुकानात. त्यांनी हातमोजे घालून स्टिकर लावला. आडनावातला 'ळ' त्यांच्या लिपीत बसत नाही, त्यामुळे सरकारदरबारी मी आता थोडी वेगळीच बाई आहे.

आणि पार्किंगमधल्या त्या सायकलला परवा लाल चिठ्ठी लागली. वीस तारखेपर्यंत मालक आला नाही तर उचलून टाकून देणार. मी रोज खाली उतरताना चिठ्ठी वाचते. काल रात्री आसपास कोणी नव्हतं तेव्हा फक्त मागचं चाक एकदा फिरवून पाहिलं, तेवढ्याला काही गुन्हा नसावा. फ्रीव्हील अजून टिकटिकतंय.