सांडव्यावर पोती का टाकत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

परतीचा पाऊस लागला की सोयरे, डाळिंबाचे व्यापारी, वरच्या वस्तीचे अण्णा, सगळ्यांचा एकच प्रश्न. "सांडव्यावर चार पोती टाक की लेका, दोन फूट पाणी फुकट ओढ्याला सोडतोस." आता तुम्हीपण विचारलंत. सांडवा म्हणजे तळं भरलं की जादा पाणी ओढ्याला जायची वाट; तिथं पोती रचली की तळ्यात पाणी जास्त साठतं, एवढाच हिशोब.

सांगोल्यात राहणाऱ्याला पाण्याची किंमत शिकवू नका राव, मे महिन्यात टँकरचं बिल मीच भरतो. आणि सिमेंट बंधाऱ्याचं उदाहरण तर देऊच नका, तो वरून पाणी जाण्यासाठीच बांधलेला असतो. आमच्या तळ्याचा भराव, म्हणजे पाणी अडवणारा बांध, मातीचा, आजोबांनी बैलं लावून घातलेला. सांडवा अडवला की पाणी त्याच्या माथ्यापर्यंत चढतं, आणि माथ्यावरून वाहायला लागलं की मागची बाजू धुपत जाते आणि बघता बघता खिंडार पडतं.

२०२० चा ऑक्टोबर आठवा, पंढरपुरात पाणी शिरलेलं. त्या रात्री तळ्यावर गेलो तर सांडव्यावर मातीनं भरलेली खताची पोती रचलेली. कुणी ते माहितीये, नाव घेत नाही, अजून आमच्याच ओट्यावर चहा पितो. बॅटरी मारली, पाणी माथ्याच्या वीतभर खाली. भिजलेलं पोतं दोघांना हलेना, शेवटी धाकट्यानं विळ्यानं फाडली एकेक आणि माती वाहून जाऊ दिली. मग पायथ्याला गेलो तर खेकड्याच्या बिळातून पाणी, तेपण गढूळ. स्वच्छ पाझर दरसाल असतो, त्याचं काही नाही, गढूळ म्हणजे आतली माती निघाली. धाकटा चिखलाचा गोळा घेऊन बुजवायला धावला, त्याच्यावर ओरडलो, कारण तिथं तोंड बंद केलं की पाणी दुसरीकडून फोडतं. घराच्या कामाची वाळू पडली होती, ती टाकली, वर खडी, वर दगड, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल. पाणी येतच राहिलं पण पहाटे निवळलं. खालच्या वस्तीवरच्या चुलतीला आईनं पोराबाळांसकट शाळेत नेलं होतं, ती अजून म्हणते उगाच घाबरवलं.

२०१९ ला तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवर खापर फोडलं गेलं तेव्हा मीपण हसलो होतो. खेकडा बीळ करतो हो, पण बीळ बघत फिरायचं काम खेकड्याचं नाही.

कॉलेजात असताना मीच पोत्यांवरून वडिलांशी भांडायचो. पाऊस संपल्यावर टाका की, म्हणायचो. बरोबरच आहे, पण पाऊस संपल्यावर तळ्यात यायला पाणी कुठलं? आणि तरी एप्रिलात बाग सुकताना बघितली की तो पोरगा परत भांडायला येतो, आणि दरवेळी मीच जिंकतो असं काही नाही.

धाकटा म्हणतो भराव आणि सांडवा दोन्ही उचलू. पोकलेनचा रेटपण काढून आणलाय त्यानं. मी अजून हो म्हटलेलं नाही.