मॉरिसशिवायचा अल्बम

अर्थ, विंड अँड फायर या अमेरिकी फंक-सोल बँडचा २०१३ चा 'नाउ, देन अँड फॉरेव्हर' मी बरेच दिवस टाळला होता. बँडचा संस्थापक मॉरिस व्हाइटच नाही, मग काय ऐकायचं? पार्किन्सन्समुळे त्याने १९९०च्या दशकातच बँडबरोबर दौरे करणं थांबवलं होतं, आणि हा त्याच्या सहभागाशिवायचा पहिला अल्बम.

पण गायक फिलिप बेली! तेव्हा बासष्टीच्या असलेल्या या माणसाचा फॉल्सेटो, म्हणजे नेहमीच्या पट्टीच्या वरचा पातळ आवाज, इथेही लागतो, आणि जोर न लावता लागतो. 'गायडिंग लाइट्स'मध्ये तो घाई करत नाही, सूर येऊ देतो. हेडफोन लावून फक्त मॉरिसचा भाऊ व्हर्डीन याच्या बेस गिटारचा माग काढत ऐका, मजा दुप्पट होते. जुना कीबोर्डवादक लॅरी डन यात पुन्हा साथीला आहे. 'बेलो होरिझोंटे'मधली ब्राझिली झुळूक मला तर सगळ्यात आवडली.

एकदोन गाणी नाचवण्यासाठीच केल्यासारखी वाटतात, ती मी सरळ पुढे ढकलतो. सत्तरीच्या दशकातली झिंग इथे शोधू नका. ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारखी फुंकवाद्यं) मात्र तसाच: धारदार, वेळेवर, ओळ संपताच हजर. 'माय प्रॉमिस' तर मी सध्या भांडी घासतानाही लावतो.