पाइन स्ट्रीटची वही: फॉर्मवरचा पत्ता

मंडळी, महिनाभर कॅनडातल्या विनिपेगमधली एकच गल्ली घेऊन बसलोय. पूर्वीची पाइन स्ट्रीट, 1925 पासूनची व्हॅलर रोड. पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक, मिळवलेले तिघं याच गल्लीतल्या 700 च्या ब्लॉकमध्ये राहत होते: फ्रेडरिक हॉल, लिओ क्लार्क, रॉबर्ट शँकलंड. शँकलंड परत आला, बाकीचे दोघं नाही. हे तिघं सगळ्यांना ठाऊक आहेत. मला आजूबाजूच्या घरांतून युद्धावर गेलेले आणि न परतलेले हवेत, नकाशावर एकेका दारापाशी ठिपका देऊन लावलेले.

आणि तिथेच चुकलो होतो. 1914 च्या अटेस्टेशन पेपरवर, म्हणजे सैन्यभरतीच्या फॉर्मवर, भरती होणाऱ्याचा स्वतःचा पत्ता विचारलेलाच नाही. नाव, जन्मगाव, जवळचा नातेवाईक, त्याचा पत्ता, जन्मतारीख, धंदा असा क्रम. राहत्या पत्त्याचा प्रश्न नंतरच्या छपाईत घातला. इथून गेलेली कितीतरी पोरं ब्रिटनमधून नुकती आलेली, त्यामुळे पत्ता स्कॉटलंडमधल्या आईचा. जिथे विनिपेगचा पत्ता दिसला तिथे मी सरळ ‘हे त्याचं घर’ म्हणून ठिपका दिला. पण तो बायकोचा असू शकतो, लग्न झालेल्या बहिणीचाही. बरेच ठिपके पुसले. आता प्रत्येक नाव हेंडरसनच्या डिरेक्टरीत, म्हणजे शहराच्या जुन्या पत्तेसूचीत, ताडून बघतो. तिच्यात रस्त्यांप्रमाणे घरोघरची नावं आहेत, पानं स्कॅन झालेली आहेत. वेळ लागतो, पण ठिपका पक्का बसतो. ज्यांनी माझा जुना नकाशा उतरवून घेतलाय, त्यांनी तो कृपया वापरू नका.

हॉलची नोंद पूर्ण झाली. किल्केनीत जन्म, 8 वी बटालियन, कंपनी सार्जंट-मेजर. एप्रिल 1915, बेल्जियममधलं ईपर. खंदकापासून पंधरा यार्डांवर एक जखमी मदतीसाठी हाका मारत होता. हॉल दोघांना घेऊन निघाला, ते दोघंही जखमी झाले. मग तो एकटा पुन्हा गेला, त्या माणसापर्यंत पोचला आणि त्याला उचलताना डोक्यात गोळी लागून गेला. ज्याच्यासाठी गेला तोही वाचला नाही. हॉलची कबर नाही, ईपरच्या मेनिन गेट या स्मारकावर नाव आहे. त्याच भिंतींवर आपल्याकडच्या जवानांचीही नावं आहेत. ब्रिटिश भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन 26 एप्रिलला याच लढाईत उतरली होती, हे मला ही यादी चाळताना नव्याने जाणवलं आणि त्या दिवशी पुढचं काम झालं नाही.

क्लार्कवर मात्र मी अडकलोय. विनिपेगमध्ये तो 27 व्या बटालियनमध्ये भरती झाला, पण भाऊ चार्ल्सजवळ राहता यावं म्हणून 2 ऱ्या बटालियनमध्ये गेला. सप्टेंबर 1916 मध्ये फ्रान्समधल्या पोझिएरजवळ खंदकात एकटाच उरलेला असताना त्याने वीसेक जर्मनांशी झुंज दिली. व्हिक्टोरिया क्रॉस त्यासाठी. 11 ऑक्टोबरला जवळ तोफगोळा फुटला, खंदकाची मागची बाजू ढासळली आणि तो मातीखाली गाडला गेला. त्याला उकरून काढलं ते चार्ल्सने. पाठीचा कणा चिरडला होता. 19 ऑक्टोबरला एत्रेताच्या लष्करी रुग्णालयात तो गेला. पदकाची घोषणा 26 ला झाली, सात दिवस उशिरा. पुढच्या वर्षी ते पदक विनिपेगमध्ये, हजारो लोकांसमोर, वडिलांच्या हातात दिलं गेलं.

रविवारी पोर्टेज अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर जाऊन दिव्याच्या खांबावरची ब्रॉन्झची पाटी वाचून आलो. तिच्यावर तिघांची नावं आहेत, चार्ल्सचं असायचं कारण नाही. पण ज्याने हाताने माती बाजूला केली, त्याच्या दारापाशीही वहीत एक ओळ हवी असं मला वाटतं. पहिल्या महायुद्धातल्या सव्वासहा लाखांच्या आसपास फायली लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा या राष्ट्रीय अभिलेखागाराने स्कॅन करून खुल्या ठेवल्यात. पुढच्या आठवड्यात चार्ल्सची उघडणार.