बोवेनसाहेब घरी का गेले नाहीत?

गेल्या रविवारी संडेस्कूलमध्ये एका सात वर्षांच्या मुलीने मला विचारलं, "आंटी, मग बोवेनसाहेब परत घरी का नाही गेले?"

ताजमहाल हॉटेलच्या मागे, मेरीवेदर रोडवर आमचं बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च आहे. पाटीवर रोज वाचतो ते नाव कोणाचं, एवढंच मला मुलांना सांगायचं होतं. त्या प्रश्नाला वर्गात मी घाईने काहीतरी उत्तर दिलं. ते मनाला पटलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझं माहेर मराठी मंडळीतलं, म्हणजे मराठी चर्चमधलं. उपासना मराठीत, ना. वा. टिळकांची पदं पेटी-तबल्यावर. लग्नानंतर कुलाब्याला आले आणि इथे सगळं इंग्रजीत. प्रार्थना कळायची, पण आपली वाटायची नाही. दोन वर्षं मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणत होते. एकदा सासऱ्यांना हे सांगितलं. पपा म्हणाले, "अगं, ज्याच्या नावाचं हे चर्च आहे, तो माणूस या शहरात मराठीतच उपदेश करत फिरला."

जॉर्ज बोवेन १८१६ साली अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या मिडलबरीला जन्मले. खूप वाचलेला, अनेक भाषा येणारा, संगीतवेडा तरुण. देवावर मात्र विश्वास नव्हता. ज्या मुलीशी लग्न करायचं होतं ती आजारात गेली, आणि जाताना तिने आपलं बायबल त्यांच्यासाठी ठेवलं. त्या बायबलापासून पुढचं सगळं सुरू झालं. १८४८ च्या जानेवारीत ते अमेरिकन मिशनतर्फे मुंबईत उतरले. मराठी शिकले. थोड्याच काळात मिशनचा पगार घेणं त्यांनी थांबवलं, देशी वस्तीत साध्या खोलीत राहिले आणि अगदी थोडक्यात भागवलं. रस्त्यावर उभं राहून मराठीत बोलायचं, 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र चालवायचं, असा दिनक्रम. इतक्या वर्षांच्या उपदेशातून ख्रिस्ती झालेली माणसं फार थोडी. मला हे वाचून आधी वाईट वाटलं होतं, आता वाटत नाही.

गंमत अशी की, तेव्हा ते मेथडिस्ट, म्हणजे आमच्या प्रोटेस्टंट पंथाचे, नव्हतेच. १८७१ च्या नोव्हेंबरात विल्यम टेलर मुंबईत आले. सॅन फ्रान्सिस्कोत सोन्यामागे धावत आलेल्या गर्दीपुढे भर रस्त्यात उपदेश केलेला हा माणूस. त्यांना मराठी येत नव्हतं, दुभाषा लागायचा. पण इंग्रजी बोलणाऱ्या इथल्या लोकांत त्यांचं बोलणं रुजलं, आणि १८७२ च्या सुरुवातीला मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. तिची सुरुवात लोकांच्या घरांत झाली. घराघरांत छोटे गट भरायचे. टेलर यांचा हट्ट होता की, परदेशी मिशन सोसायटीचा पैसा नको, इथल्या लोकांनी आपली मंडळी आपण चालवावी. चर्चचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पॅस्टोरेट कमिटीत छपराच्या दुरुस्तीचा खर्च निघाला की मला हा हट्ट आठवतो आणि बरं वाटतं. बोवेन या मंडळीत आले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

घरात जमायची ही रीत मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या काळची. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावर कर्ज होतं. एकाने सुचवलं, बारा-बारा जणांचे गट करू, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि गटप्रमुखाने घरोघरी जाऊन ती गोळा करायची. पैसे मागायला गेल्यावर घरातली दुखणी, भांडणं, दारू, सगळंच दिसायला लागलं. मग ती भेट आत्म्याची विचारपूस झाली. क्लास मीटिंग, म्हणजे छोट्या गटाने नेमाने एकत्र बसणं, आली ती इथून. मला मेथडिस्ट असण्यातलं सगळ्यात प्रिय हेच आहे. हिशेबासाठी दार वाजवायचं आणि आत गेल्यावर "कसं चाललंय?" विचारून बसायचं.

बोवेन १८८८ च्या फेब्रुवारीत मुंबईतच वारले. इथे येऊन चाळीस वर्षं झाली होती. मायदेशी एकदाही परत गेले नाहीत.

त्या मुलीला येत्या रविवारी मी सांगणार आहे की, बेटा, ते घरी गेले नाहीत असं नाही, त्यांचं घर इथेच झालं होतं. मलाही मागचं बाक सोडून पुढे यायला या माणसानेच मदत केली. पपांनी सांगितलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी उघड प्रार्थनेच्या वेळी, म्हणजे कोणीही उठून प्रार्थना करावी अशा वेळी, पहिल्यांदा मोठ्याने मराठीत प्रार्थना केली. कोणी वळून पाहिलं नाही. शेवटी सगळे "आमेन" म्हणाले.

शुक्रवारी आमच्याकडे कॉटेज प्रार्थना, म्हणजे घरात भरणारी प्रार्थनासभा आहे. शेजारच्यांकडून सहा खुर्च्या मागून आणल्यात, चहाचं मोठं पातेलं वरून काढून ठेवलंय. निम्मी गाणी मराठी असतील.