श्रावणातला कण्हेरीचा मेळा

पुण्यात नर्सरीत जाऊन कण्हेर मागितली तर बहुतेक वेळा तीनच प्रकार पुढे येतात: डबल गुलाबी, एकेरी लाल आणि रस्त्याच्या दुभाजकांसाठी वाढवलेली बुटकी. पांढरी मिळाली तर मिळाली. ताकाच्या रंगाची दुहेरी, कडेने पिवळसर पट्टा असलेल्या पानांची, फिकट नारिंगी-गुलाबी, या कण्हेरी आमच्या बागांत आल्या त्या आमच्या बागप्रेमी मंडळाच्या श्रावणातल्या मेळाव्यातून. शाळेचा हॉल एका रविवारी मागून घ्यायचा, बाकं जोडून लांब टेबल करायचं आणि ज्याने त्याने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या फांद्या त्यावर मांडायच्या, एवढाच कार्यक्रम. भाषण नाही, हारतुरे नाहीत. तरी सकाळी आठला दाराशी रांग असायची.

श्रावणच का, हे नवीन सभासद दरवर्षी विचारायचे. जूनच्या पावसाने आलेले फुटवे ऑगस्टपर्यंत पेन्सिलीएवढे जाड होतात. साल हिरवी असते, पण बोटाने दाबली तर दबत नाही. ही फांदी सर्वांत लवकर मुळं धरते. वैशाखात तोडलेली फांदी दुपारपर्यंत मान टाकते. थंडीत लावलेली मरत नाही, पण नुसती उभी राहते आणि मुळांची वाट बघायला लावते. श्रावणात हवा ओली, ऊन मऊ, त्यामुळे फांदीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवायचीही गरज पडत नाही. पिशवी चढवणारे हौशी होतेच. चारपाच दिवसांत काढली नाही, तर आत बुरशी येऊन पानं काळी पडायची.

खरं काम मात्र मेळाव्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये व्हायचं. भर उन्हाळ्यात कण्हेर फुलांनी लगडलेली असते, तेव्हाच प्रकार ओळखता येतो. श्रावणातल्या पावसात दुहेरी फुलं भिजून तपकिरी होतात आणि फांदीलाच चिकटून राहतात. मग गुलाबी कुठली आणि शेंदरी कुठली ते कळत नाही. म्हणून उन्हाळ्यात जुन्या वाड्यांची परसं, महादेवाच्या देवळांची आवारं, कॅम्पातल्या बंगल्यांची कुंपणं, रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्स अशी फेरी मारायची, मालकांची परवानगी घ्यायची आणि हव्या त्या फांदीला रंगीत दोरा बांधून ठेवायचा. दोरा झाडाला नाही, फांदीला. एकाच खड्ड्यात पूर्वी कुणीतरी दोन रंगांची रोपं लावलेली असतात, ती एकमेकांत मिसळून एकच झुडूप झाल्यासारखी दिसतात, आणि ऑगस्टमध्ये नेमकी नको ती फांदी हाती येते. एक्सप्रेस वेच्या दुभाजकावरच्या कण्हेरींकडे मात्र गाडीतूनच बघायचं, तिथे उतरायचं नाही, हा मंडळाचा नियम होता.

रंगावर लगेच भरवसा ठेवायचा नाही, हे जुन्या सभासदांनी शिकवलं. फिकट पिवळी फुलं मे महिन्याच्या उन्हात जवळजवळ पांढरी दिसतात आणि डिसेंबरात पुन्हा पिवळसर होतात. त्यामुळे दोन ऋतूंत पाहिल्याशिवाय ‘पिवळी’ लिहायचं नाही. फुलाची रचना मात्र बदलत नाही. ती पाहायची रीत सोपी होती: फूल देठापासून ओढून काढायचं आणि बाजूने बघायचं. एकच नळी, वर पाच पाकळ्या आणि घशाशी झालरीसारखे दातेरी तुकडे, म्हणजे एकेरी. नळीत नळी बसवल्यासारखे दोन किंवा तीन थर, म्हणजे दुहेरी. आणि आतल्या पाकळ्या चुरगळून गच्च भरलेल्या असतील, तर ती भरगच्च डबल, आपल्या नेहमीच्या गुलाबीसारखी. मग वास घ्यायचा. बऱ्याच एकेरी लाल कण्हेरींना वास जवळपास नसतो, डबल गुलाबीला गोड वास असतो. एकेरीचं फूल सुकलं की आपसूक गळतं. डबलचं गळत नाही, हाताने काढावं लागतं. दारात लावायची असेल तर एकेरीच बरी, असं आमचं मत आहे, पण डबलवाले ते कधीच मान्य करायचे नाहीत.

दर मेळाव्यात कुणीतरी ‘पिवळी कण्हेर’ घेऊन यायचंच आणि ती बिट्टी निघायची. हसू व्हायचं, पण फांदी परत पाठवताना फरक नीट सांगितला जायचा. कण्हेरीला एका पेराला तीन पानं असतात, बिट्टीची एकेक करून फांदीभोवती फिरत येतात. कण्हेरीची शेंग लांब, बारीक. बिट्टीचं फळ जाडजूड, टोकदार कडांचं, पिकल्यावर काळं. दोन्ही विषारी, आणि बिट्टीच्या बिया फारच.

विषाची गोष्ट निघालीच आहे तर मेळाव्याची शिस्त सांगायला हवी. फांद्या कापायचं टेबल वेगळं आणि खाण्याचं वेगळं, मध्ये हॉलची पूर्ण लांबी. कण्हेरीच्या पानात, फुलात, सालीत, चिकात, सगळीकडे हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि वाळल्यावरही ती जात नाहीत. कापताना हातमोजे, डोळ्यांना हात नाही, नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच साबुदाण्याची खिचडी. फांद्या बुडवलेल्या बादल्यांना लाल रंगाचा पट्टा मारलेला असायचा. त्या बादल्या दुसऱ्या कशालाही वापरायच्या नाहीत, आणि ते पाणी कुत्र्यामांजरांना मिळेल असं उघड्यावर टाकायचं नाही. छाटलेला पाला गोणीत बांधून जायचा. जाळायचा तर मुळीच नाही, कारण धूरही घातक. आणि गवताच्या गंजीजवळ टाकायचा नाही, कारण ओली कण्हेर गुरं सहसा तोंडात घेत नाहीत, पण वाळलेली पानं कडब्यात मिसळली की खातात.

गणपतीच्या एकवीस पत्रींत कण्हेरीचं पान असतं, म्हणून मेळाव्यातच पत्रीच्या जुड्यांसाठी नावं नोंदवली जायची. ते पान वेगळ्या कागदात बांधून द्यायचं, वाहून झालं की निर्माल्यात टाकायचं, नैवेद्याच्या ताटाजवळ ठेवायचं नाही, असं प्रत्येकाला सांगितलं जायचं. 2024 च्या मे महिन्यात केरळात त्रावणकोर देवस्वम बोर्डाने नैवेद्य आणि प्रसादात अरळीची, म्हणजे कण्हेरीची, फुलं वापरणं बंद केलं, तेव्हा या सूचनेला कटकट म्हणणारेही गप्प झाले.

आता फांदी. टेबलाच्या टोकाला बसणाऱ्या काकूंचा हात त्यात इतका सरावलेला की सगळे त्यांच्याभोवती उभे राहायचे. पंधरा ते वीस सेंटिमीटरची फांदी, खालचा काप पेराच्या किंचित खाली, तिरका, म्हणजे वर-खाली घोटाळा होत नाही. वरचा काप पेराच्या किंचित वर, सरळ. कळ्या असतील तर खुडायच्या, नाहीतर सगळा जोर फुलाकडे जातो आणि मुळं येत नाहीत. वरची तीन ते सहा पानं ठेवायची, मोठी असतील तर अर्धी कापायची, खालची सगळी काढायची. काप दिल्यावर चीक येतो, तो पाण्यात धुऊन घ्यायचा. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायचा. कण्हेरीच्या फांद्यांवर जिवाणूंमुळे खडबडीत गाठी येतात आणि हा रोग हत्यारातूनच बागभर फिरतो. गाठ असलेली फांदी टेबलावर आली की मालकाला बाजूला घेऊन सांगायचं, फांदी गोणीत.

पुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही पक्षांचे कट्टर लोक. पाणीवाले फांद्या बाटलीत ठेवायचे: बाटली गडद रंगाची, पाणी चारपाच सेंटिमीटर, दर दोन दिवसांनी बदलायचं, उन्हात ठेवायचं नाही. दोन ते चार आठवड्यांत मुळं फुटतात. इथे चूक होते ती मुळं लांब होईपर्यंत कौतुकाने बघत बसण्याची. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, आठ-दहा सेंटिमीटर झाली की लावताना तुटतात. दोन-तीन सेंटिमीटरवरच मातीत जायला हवं. मातीवाले नदीची जाडी वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घ्यायचे आणि फांदीचा एक तृतीयांश भाग आत खोचायचे. वेळ थोडा जास्त लागतो, पण रोप हलवताना दगा देत नाही. दुर्मिळ फांदी एकच हाती असेल तर मातीच बरी.

पट्टेदार पानांच्या कण्हेरीसाठी मात्र आम्ही गुटी, म्हणजे फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडणं, सुचवायचो. ती मुळातच मंद वाढते. बोटाएवढ्या फांदीची दोन-अडीच सेंटिमीटर साल गोल काढायची, भिजवून पिळलेलं शेवाळ बांधायचं, वर प्लॅस्टिक घट्ट. दीड-दोन महिन्यांत मुळं दिसतात. फांदी निवडताना हिरवा आणि पिवळा दोन्ही रंग पानात हवेत. पूर्ण पिवळ्या फांदीत हरितद्रव्य नसतं, ती स्वतंत्र रोप म्हणून जगत नाही. उलट पूर्ण हिरवा फुटवा आला तर तो बुडापासून काढायचा, नाहीतर जोरात वाढून वर्षा-दोन वर्षांत सगळं झाड हिरवं करतो.

मुळं धरलेलं रोप आधी लहान कुंडीत, मग चौदा इंची कुंडीत. माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक, वाळू एक. तळाचं भोक मोकळं हवं. कण्हेर जमिनीत कितीही सोसते, कुंडीत तुंबलेल्या पाण्यात तिची मुळं कुजतात. किमान सहा तास ऊन. युरिया घालणाऱ्यांची झाडं हिरवीगार, बिनफुलांची आणि शेंड्यांना पिवळ्या माव्याने, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीने, भरलेली असत. त्या माव्याला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, गेला नाही तर निंबोळी तेल. पानांच्या खाली चांदीच्या दागिन्यासारखा चकचकीत कोष लटकलेला दिसला की मेळाव्यात मुलांना तो दाखवायला दुरूनच बोलावलं जायचं. तो कॉमन क्रो फुलपाखराचा. चार पानं गेली तरी काही बिघडत नाही. छाटणी जानेवारीअखेर: फूल नव्या फुटव्याच्या शेंड्याला येतं, आणि पेराच्या वर कापलं तर बहुधा तीन फुटवे निघतात.

चिठ्ठ्यांवर मंडळाचा सर्वांत जास्त जोर. मार्करची शाई उन्हात उडते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर साध्या शिसपेन्सिलीने लिहिलेलं टिकतं. पट्टीवर जागा, महिना, रंग, एकेरी की दुहेरी, वास. नावाचा रकाना खात्री नसेल तर रिकामा. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बेटावर 1841 मध्ये जोसेफ ऑस्टरमन यांनी जमैकाहून कण्हेर आणली आणि पुढे तिथे माणसांच्या नावाच्या कण्हेरींची रांग लागली. 1967 मध्ये तिथे कण्हेरप्रेमींची आंतरराष्ट्रीय संस्थाही निघाली. त्या यादीतलं एखादं नाव फोटो बघून आपल्या झाडाला चिकटवायचा मोह सगळ्यांना व्हायचा. आमच्याकडे ‘विहिरीजवळची गुलाबी’ आणि ‘पोस्टामागची शेंदरी’ अशीच नावं चालली, आणि तीच कामाला आली. मूळ झाड रस्तारुंदीत गेलं, तेव्हा त्याची फांदी कुणाकडे आहे हे पट्टीवरूनच सापडलं.

शेवटचं टेबल बियांच्या रोपांचं. शेंग वाळून उकलली की तपकिरी केसांचे झुबके असलेल्या बिया निघतात. ताज्याच पेरायच्या, वर मातीचा पातळ थर. रोपं आईसारखी निघत नाहीत, आणि पहिलं फूल यायला दोन-तीन वर्षं जातात. बहुतेक नेहमीच्या गुलाबी निघाल्या. ज्या वेगळ्या वाटल्या, त्यांच्या फांद्या तीन वेगवेगळ्या भागांतल्या सभासदांना दिल्या. तिघांकडे तेच फूल आलं तरच पट्टीवर नोंद.