तुम्ही विचारलंत म्हणून: ‘अलाइड’ म्हणजे नक्की काय?

ठाण्या-वाशीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि भाषांतराची कामं घेणारे हा प्रश्न हमखास विचारतात. इतिहासात ‘अलाइड’ म्हणजे दोस्त राष्ट्रं. मग तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या पाटीवर ‘केमिकल्स अँड अलाइड प्रॉडक्ट्स’ कसं? तिथे कुणाची कुणाशी दोस्ती?

दोस्ती सोडा, गाठ धरा. मुळाशी लॅटिन ‘लिगारे’ आहे, म्हणजे बांधणं. हाडांना हाडं बांधणारं ‘लिगामेंट’ आणि मिश्रधातूचा ‘अलॉय’ याच घरातले. गाठ कशाची, ते पाहिलं की मराठी शब्द आपोआप सुचतो.

राष्ट्रांमधली गाठ तहाची असते आणि महायुद्धातल्या राष्ट्रांसाठी पहिलं अक्षर कॅपिटल येतं. इथे शब्द फार काटेकोर आहे. 1919 च्या व्हर्सायच्या तहात ‘अलाइड अँड असोसिएटेड पॉवर्स’ असे दोन शब्द मुद्दाम आहेत. अमेरिका जर्मनीविरुद्ध लढली, पण युतीच्या करारात शिरली नव्हती. म्हणून ती ‘असोसिएटेड’. दोन्हींना सरसकट ‘दोस्त’ लिहिलं की हा फरक पुसला जातो. ‘दोस्त व सहयोगी राष्ट्रे’ लिहावं.

गाठ कामाची असेल तर ‘संलग्न’. ‘ॲग्रिकल्चर अँड अलाइड’मध्ये पशुपालन येतं, मासेमारी येते. सरकारी मराठीत ‘कृषी व संलग्न’ म्हणतात. शेतकऱ्याच्या तोंडचा ‘जोडधंदा’ मला त्याहून नेमका वाटतो, कारण त्यात बांधणं ऐकू येतं. ‘अलाइड हेल्थ’मध्ये मात्र ‘जोड’ चालत नाही. 2021 च्या केंद्रीय कायद्यात निदान आणि उपचारांना हातभार लावणारे तंत्रज्ञ त्या नावाखाली येतात. तिथे ‘संलग्न’च हवं.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘अलाइन्ड’शी होतो. तो शब्द ‘लाइन’मधला: एका रेषेत, एका बाजूला उभं असणं. ‘नॉन-अलाइन्ड’ म्हणजे अलिप्त. तिथे ‘नॉन-अलाइड’ लिहू नका. मतं जुळली तर ‘अलाइन्ड’, करार झाला तर ‘अलाइड’.

पुढे ‘विथ’ की ‘टू’? हातमिळवणी सांगायची तर ‘विथ’. विषयांचं नातं सांगायचं तर ‘टू’, जसं भौतिकशास्त्र गणिताला ‘अलाइड टू’. उच्चारही बदलतो. नामाआधी जोर पहिल्या अक्षरावर, ‘ॲलाइड फोर्सेस’. क्रियापदानंतर दुसऱ्यावर, ‘आर अलाइड’.